18 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला मागे मोठे टायर-रिम बसवावेत का?

तुम्ही विचारलंय की द्राक्षबागेतला 18 एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, मागे 8-18 चे टायर (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात), पाऊस झाला की भरलेल्या ब्लोअरसकट (पंख्याचं फवारणी यंत्र) चाकं जागेवर फिरतात. जुन्या बाजारात 8.3-24 चे रिम-टायर स्वस्तात मिळताहेत, घ्यावेत का?

24 चे घेऊ नका. आधी हवा आणि वजन बघा. तेवढ्यानं भागलं नाही, तर फार तर 8.3-20 पर्यंत जा. मी निफाड तालुक्यात बाग करतो आणि हीच चूक मी केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

8-18 चं चाक साधारण 33 इंच उंच असतं, 8.3-20 चं 35 ते 36, आणि 8.3-24 चं 39. म्हणजे 24 चं चाक एका फेऱ्यात जवळपास 20 टक्के जास्त अंतर कापतं. इंजिन तेच, गिअर तेच. वेग वाढला तेवढी ओढ कमी झाली. ब्रेकचंही तेच. चाक मोठं झालं की तोच ब्रेक कमी जोरानं धरतो, आणि मागे भरलेली ट्रॉली असेल तर उतारावर ते लगेच कळतं. शिवाय मागचा अ‍ॅक्सल 3 इंच वर जातो. ट्रॅक्टर पुढे झुकतो, रोटाव्हेटरच्या शाफ्टचा कोन बदलतो, टायर मडगार्डला घासू शकतो आणि वाय पद्धतीच्या (इंग्रजी Y आकाराच्या मांडवाच्या) बागेत तुमचं डोकं तारांच्या आणखी जवळ जातं.

माझा खरा घात मात्र रिमच्या डिस्कनं, म्हणजे रिमच्या मधल्या पत्र्यानं केला. तिची भोकं हबला (अ‍ॅक्सलच्या टोकाला, जिथं चाक बसतं) जुळत नव्हती. एका वर्कशॉपमध्ये नवी पाडून घेतली. मधलं मोठं भोकही हबपेक्षा सैल होतं, म्हणजे सगळा भार स्टडवरच (चाक धरणाऱ्या बोल्टवरच). महिनाभरात नट सारखे ढिले व्हायला लागले. मी ते आवळत राहिलो, कारण शोधलं नाही. एका संध्याकाळी ट्रॉली घेऊन येताना मागून कट्कट् आवाज आला. उतरून पाहिलं तर भोकं अंड्यासारखी लांबट झालेली, नटाभोवती गंजाची लाल भुकटी आणि दोन स्टड मुळापासून तुटलेले. चाक निखळलं नाही हे नशीब. तुमच्या नटाभोवती तशी लाल भुकटी दिसली तर ट्रॅक्टर तिथेच उभा करा.

म्हणून रिम घेताना स्वतः मोजा: भोकं किती, समोरासमोरच्या भोकांच्या मध्यातलं अंतर किती, मधलं भोक हबवर घट्ट बसतं का. 8.3 च्या टायरला डब्ल्यू 7 रुंदीची रिम लागते, तसं रिमवर कोरलेलं असतं. भोकं जुळत नसतील तर तो सौदा सोडा. वेल्डिंग करून जुळवलेली डिस्क तर मी कुणालाच घेऊ देणार नाही.

आता आधी काय करायचं ते. पंक्चरवाला सवयीनं 30 पाउंड हवा भरतो. बागेत 14-16 पाउंड पुरते, टायर जमिनीवर पसरून बसतो. ट्रॉली जोडताना मात्र वाढवा. मग मागच्या ट्यूबमध्ये पाणी भरा: जॅक लावून चाक उचला, व्हॉल्व्ह सर्वांत वर आणा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरा. एवढ्यात टायर सुमारे 75 टक्के भरतो, वर हवेला जागा राहते. एवढं करून माझं निम्म्याहून जास्त घसरणं थांबलं. नक्षी झिजलेली असेल तर त्याच मापाचे नवे टायर टाका, काळ्या मातीत तोच फरक मोठा असतो.

(फोर-व्हील ड्राइव्ह असता तर मागचं माप एकट्यानं बदलायचंच नाही. पुढची-मागची चाकं ठरावीक प्रमाणात फिरतात, ते बिघडलं की पुढच्या गिअरवर ताण येतो.)

एवढ्यावरही 8.3-20 बसवलेत, तर फवारणीचं गणित त्याच दिवशी नव्यानं करा. हे कुणी सांगत नाही, आणि गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) डाउनीच्या (केवडा रोगाच्या) दिवसांत हीच चूक महागात पडते. त्याच गिअरला, त्याच आरपीएमला ट्रॅक्टर सुमारे 8 टक्के जोरात पळणार. आधी एकरी 400 लिटर पडत असेल तर आता 370 च पडेल. टाकीत औषधाचं प्रमाण तेच, पण वेलीला कमी. 24 च्या चाकांवर तर ते 333 वर आलं असतं. टायरवर खडूची खूण करा, कुणाला तरी सीटवर बसवा, टाकी भरलेली ठेवा आणि चाकाच्या दहा फेऱ्यांत किती फूट जातं ते जुन्या आणि नव्या दोन्ही टायरवर मोजा. जेवढा फरक येईल तेवढे नोझल किंवा गिअर बदला.

हबच्या भोकांची मापं आणि बागेतलं दोन ओळींमधलं अंतर इथे लिहिलंत, तर 8.3-20 बसेल का ते मी सांगतो.