कॅरी मोजत बसू नकोस, मंगळवार मोज

तुझी पोस्ट वाचून पोटात गोळा आला. "दर शनिवारी 28-30 कॅरी, हेड कोच म्हणतात पोरालाच बॉल हवाय, मी साधी ग्रॅज्युएट असिस्टंट, माझं कोण ऐकणार, आणि किती कॅरींनंतर धोका सुरू होतो असा काही आकडा आहे का?" थोड्याफार फरकानं हाच प्रश्न घेऊन मी एक अख्खा सीझन फिरले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाकीच्यांसाठी एवढंच: हा अमेरिकन कॉलेज फुटबॉल, रनिंग बॅक म्हणजे बॉल हातात घेऊन धावणारा, आणि कॅरी म्हणजे त्याची बॉल घेऊन धावण्याची एक खेप. उरलेलं आपापलं शोधा.

सगळ्यात आधी एक काम कर. पोस्टमधून दुखऱ्या पायाचा उल्लेख आणि कॉन्फरन्सचं (तुमच्या संघांच्या गटाचं) नाव काढून टाक, आत्ताच. 2018 मध्ये इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सुप्रीम कोर्टानं सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठवल्यापासून स्टार खेळाडूच्या दुखापतीची बातमी म्हणजे रोख पैसा झाला आहे. सट्टा लावणाऱ्यांपर्यंत माहिती पोचवणं एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) नियमात बसत नाही, आणि तो नियम फक्त खेळाडूंना नाही, आपल्यासारख्या स्टाफलाही लागू आहे. मराठीत लिहिलंय म्हणून कुणाला कळणार नाही, या भ्रमात राहू नकोस.

आता आकड्याचं. असा आकडा नाही. कुणी 25 सांगितला तर त्याला विचार, कुठल्या आठवड्यातले 25, आणि मंगळवारच्या सरावात त्या पोरानं काय केलं होतं. तू कोचसमोर 25 घेऊन गेलीस की ते डेरिक हेन्रीचं नाव तोंडावर फेकतील. 2015 मध्ये अलाबामा विद्यापीठासाठी हेन्रीनं ऑबर्नविरुद्ध 46 कॅरी घेतल्या आणि पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडाविरुद्ध 44. सीझनभरात 395 कॅरी, 2,219 यार्ड, वर कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी. तो मोडला नाही, उलट 2020 मध्ये एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, 2,000 यार्ड ओलांडून बसला. यावर तू साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरचं उदाहरण द्यायला जाशील. 2011 ला एक गुडघा गेला, 2012 ला टेनेसीविरुद्ध दुसरा, आणि ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत) नाव लागूनसुद्धा बिचारा एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. पण ते गुडघे जास्त कॅरींमुळे गेले हे तुला सिद्ध करता येणार नाही. या वादात कोच जिंकतात, कारण त्यांच्याकडे वाचलेल्यांची नावं जास्त असतात. मोडलेल्यांची नावं कुणाच्या लक्षात राहतात?

शिवाय कॅरी म्हणजे सगळा भार नव्हेच. ख्रिश्चन मॅकॅफ्रीचा 2015 चा स्टॅनफर्डचा सीझन काढून बघ. 337 कॅरी दिसतात. त्यावर 45 कॅच, समोरच्यांनी लाथेनं मारलेला बॉल (किकऑफ आणि पंट) परत आणणं, सगळं मिळून 3,864 यार्ड. नुसता कॅरींचा रकाना बघणाऱ्याला तो पोरगा निम्माच दिसतो. आणि बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चाल करून, म्हणजे ब्लिट्झ करत, येणाऱ्या लाइनबॅकरला (समोरच्या बचावपटूला) अंगावर घेणं तर कुठल्याच रकान्यात नसतं. ती धडक टीव्हीवर कुणी रिप्लेमध्येसुद्धा दाखवत नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही, विचारूही नका.

आमचा पोरगा तुझ्या पोरासारखाच, लाजरा, "आय ॲम गुड" याच्यापुढे शब्द नाही. त्याच्या शनिवारच्या कॅरी सीझनभर जवळपास सारख्याच होत्या, बावीस-चोवीस. त्यामुळे कोच निर्धास्त, मीटिंगमध्ये सगळेच निर्धास्त. मध्येच दुसऱ्या क्रमांकाचा बॅक घोट्यानं बसला. सामन्यात फरक पडला नाही, कारण तो तसाही फार खेळत नव्हता. पण मंगळवार-बुधवारच्या पॅड घालून होणाऱ्या सरावात त्याच्या वाटचे रेप्स (सरावातल्या खेपा) कुणी घ्यायचे? आमच्या पोरानं. इनसाइड रन (मधल्या गर्दीतून धावणं) त्यानं, ब्लिट्झ पिकअप (ब्लिट्झ अडवणं) त्यानं, सरावाच्या शेवटची टू-मिनिट ड्रिलही त्यानंच. शनिवारचा आकडा जागच्या जागी आणि आठवड्याचा भार वर वर चढतोय. हे कुणालाच दिसलं नाही, कारण बघायची सोयच नव्हती. धाव मोजणाऱ्या जीपीएस व्हेस्टचा डेटा व्यायाम घेणाऱ्या स्ट्रेंग्थवाल्यांच्या संगणकात, सरावाची स्क्रिप्ट ऑफेन्सच्या (आक्रमणाच्या) ॲनालिस्टकडे, उपचारांची नोंद आमच्याकडे, आणि झोपेचा-थकव्याचा फॉर्म भलत्याच ॲपमध्ये.

मी म्हटलं, हे सगळं एका पानावर आणूया. तिथं ते ऑफिस आडवं आलं.

खेळ विभागातच एक ऑफिस होतं, कुणाची माहिती कुणाला द्यायची ते ठरवणारं. मी रीतसर विनंती केली. उत्तर आलं, प्रायव्हसीचा कायदा आहे. मी म्हटलं, मी त्याच विद्यापीठाची ॲथलेटिक ट्रेनर आहे, म्हणजे दुखापती बघणारी, त्याच पोराच्या मांडीवर रोज उपचार करते. मग म्हणाले, खेळाडूची सही आणा. आणली. मग हा फॉर्म जुना आहे, नवा भरा. नवा भरला. मग तो विद्यापीठाच्या वकिलांकडे गेला, आणि वकिलांकडे गेलेला कागद म्हणजे काशीला गेलेला म्हातारा. अधूनमधून मी ईमेल करायचे, तिकडून "आम्ही यात लक्ष घातलं आहे" यायचं. फोन केला तर त्या बाई सुटीवर, आणि त्यांच्याशिवाय फाइल उघडायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. आणि हो, तोच डेटा तेवढ्यात एका कंपनीच्या माणसाला डेमोसाठी दाखवला गेला होता! तेव्हा प्रायव्हसी कुठं गेली होती कोण जाणे.

मी वकील नाही, त्यामुळे पुढचं वाक्य तुमच्याकडच्या माणसाकडून तपासून घे. फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या प्रायव्हसीच्या कायद्यात त्याच संस्थेतल्या ज्या अधिकाऱ्याला कामासाठी माहितीची खरोखर गरज आहे, त्याला ती विद्यार्थ्याच्या वेगळ्या सहीशिवायही देता येते. प्रत्येक विद्यापीठ "गरज" कशाला म्हणायचं ते आपापल्या धोरणात लिहितं. ते धोरण विद्यापीठाच्या साइटवर असतं. विनंती करताना त्यातलंच वाक्य उचलून टाक. मला हे फार उशिरा एका रजिस्ट्रार ऑफिसातल्या भल्या माणसानं सांगितलं.

नोव्हेंबरात, गुरुवारच्या सामन्याच्या आठवड्यात, म्हणजे शनिवार ते गुरुवार अशा तोकड्या विश्रांतीनंतर, तिसऱ्या क्वार्टरमध्ये मोकळ्या मैदानात धावताना त्याचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटलं. कुणी हातही लावला नव्हता. सीझन संपला. डेटा एकत्र मिळाला तो त्यानंतर, कारण आता "चौकशी"साठी हवा होता. तेव्हा मात्र दोन दिवसांत सगळे कागद टेबलावर. त्यात मंगळवार-बुधवारची वेगवान धाव कशी चढत गेली होती ते शाळकरी पोरालाही दिसलं असतं. ज्या ऑफिसानं अडवलं त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. पोरगा मात्र ड्राफ्टच्या गप्पांमधून गायब झाला. असो. हे लिहिताना अजून डोकं तापतं.

तुला सांगायचं ते हेच. परवानगीची वाट बघू नकोस. तुझ्या डोळ्यांसमोर मैदानात जे घडतं ते मोजायला कुणाचीही सही लागत नाही. दारावर माणसं मोजायला असतं तसलं क्लिकर घे, एखाद्या स्टुडंट ट्रेनरच्या हातात दे. पूर्ण वेगाचे रेप्स एका क्लिकरवर, अंगाला अंग भिडलेले दुसऱ्यावर. सराव संपल्यावर पोराला शून्य ते दहामध्ये विचार, आज किती जड गेलं, आणि त्याला मिनिटांनी गुण. कार्ल फॉस्टर या संशोधकाची ही पद्धत जुनी आहे पण तिला पैसे लागत नाहीत. 90 मिनिटांचा सराव आणि उत्तर 6 आलं तर 540. एवढंच. रविवारी रात्री एक पान, त्यावर आठवड्याची बेरीज आणि मागच्या चार आठवड्यांची सरासरी.

आठवड्याच्या बेरजेला त्या सरासरीनं भागून येणारं गुणोत्तर 0.8 ते 1.3 मध्ये असलं की सुरक्षित, असं तुला कोर्समध्ये शिकवलं असेल. टिम गॅबेट या संशोधकामुळे ते सगळीकडे पसरलं, आणि त्यावर संख्याशास्त्राच्या अंगानं कडक टीकाही झाली आहे. माझं वैयक्तिक मत, ते हवामानखात्यासारखं वापर. आभाळ भरून आलंय एवढं कळतं. 1.31 ला पोरगा फाटेल आणि 1.29 ला वाचेल असं काही नसतं. जीपीएसवरही आंधळा भरवसा नको, त्याला धाव कळते, धडक नीट कळत नाही. मी इकडे येण्याआधी कबड्डीच्या संघाबरोबर काम करत होते. चार जणांच्या कचाट्यातून रेषेकडे अंग फेकणाऱ्या रेडरनं अंतर किती कापलं? दोन-तीन पावलं. दुसऱ्या दिवशी त्याला पायऱ्या उतरवत नाहीत.

आता कोच. त्यांच्याकडे जाऊन "विश्रांती" हा शब्द काढू नकोस. त्यांना तो आळसासारखा ऐकू येतो. "चौथ्या क्वार्टरसाठी पाय राखूया" म्हण. शनिवारच्या कॅरींना हात लावायला जाऊ नकोस, ती त्यांची जहागीर आहे. मंगळवारचे इनसाइड रनचे रेप्स माग, किक रिटर्नमधून सुटका माग. आणि आघाडी किती झाली की त्याला बसवायचं ते आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून घे, सामन्यात विचारशील तर कुणी ऐकणार नाही. 2024 मध्ये बॉइझी स्टेटनं ॲश्टन जेंटीला यूटा स्टेटविरुद्ध 13 कॅरी आणि 186 यार्डांनंतर दुसऱ्या हाफमध्ये खेळवलंच नाही. तरी सीझनअखेर त्याच्या 374 कॅरी आणि 2,601 यार्ड झाले, बॅरी सँडर्सच्या 1988 च्या एका सीझनमधल्या यार्डांच्या विक्रमाला 27 कमी. म्हणजे बसवलं म्हणून पोराचं नाव बुडत नाही, हे कोचना दाखवायला चांगलं उदाहरण आहे. हेड कोचपेक्षा रनिंग बॅक कोचला धर. त्याची नोकरीही त्याच पायांवर असते.

एक गोष्ट मात्र आपल्या क्षेत्रातले लोक बोलत नाहीत. स्टारला बाहेर का काढत नाहीत? बऱ्याचदा बॉल धावत नेण्याचा प्रश्नच नसतो. दुसऱ्या पोराला ब्लिट्झ ओळखता येत नाही, क्वार्टरबॅक मार खाईल ही भीती असते. म्हणजे तुझ्या स्टारची हॅमस्ट्रिंग वाचवायची तर दुसऱ्या पोराचं पास प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला मारापासून वाचवणं) सुधारायला हवं. हे आपलं काम नाही, पण बुधवारचे ब्लिट्झ पिकअपचे रेप्स त्या दुसऱ्याला मिळाले की दोन कामं होतात. 2024 ला ओहायो स्टेटनं आपल्या दोन बॅकपैकी जडकिन्सला 194 आणि हेंडरसनला 144 कॅरी दिल्या, दोघांनीही हजार यार्ड ओलांडले आणि 16 सामन्यांच्या शेवटी राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. विजेतेपदासाठीचं प्लेऑफ 12 संघांचं झाल्यापासून सीझन लांबलाय, एकाच घोड्यावर तेवढी मजल मारणं अवघड आहे. अर्थात ओहायो स्टेटसारखे दोन बॅक सगळ्यांना परवडत नाहीत, हेही खरं.

20 तासांच्या नियमावर विसंबू नकोस. आठवड्याला 20 तास, दिवसाला 4 आणि एक दिवस सुटी हा एनसीएएचा नियम वेळ मोजतो, आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी 3 तासच धरतो. कागदावर सगळं नियमात असतं, पोरगा मात्र संपलेला. उलट दुसरा एक नियम तुझ्या बाजूचा आहे. खेळायला परत सोडायचं की नाही याचा अंतिम अधिकार टीम डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनरचा, कोच तो फिरवू शकत नाही. पण हे हत्यार दुखापत झाल्यावरचं. नुसत्या थकव्यावर ते उगारलंस तर पुढच्या वेळी चालणार नाही. आणि तू असिस्टंट असताना तर तुझ्या वरच्यांना सोबत घेतल्याशिवाय अजिबात नको, व्हिसावर आहेस हे विसरू नकोस.

परीक्षेचा आठवडा कॅलेंडरवर लाल करून ठेव. मिसूरी विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंवरचा 2016 चा अभ्यास शोध, अभ्यासाचा ताण असलेल्या आठवड्यांत दुखापती वाढलेल्या दिसतील. आणि जांघेची ताकद तपासायला महागडं यंत्र नसेल तर बीपीच्या मशिनचा कफ गुडघ्यांमध्ये धरून दाबायला लाव, दर सोमवारी, त्याच वेळी, त्याच स्थितीत, आणि आकडा लिहून ठेव. आकडा पडला आणि पोरगा "आय ॲम गुड" म्हणाला, तर आकड्यावर विश्वास ठेव. मग त्या मंगळवारी त्याचे रेप्स निम्मे कर आणि कोचना सराव सुरू व्हायच्या आधी सांग, नंतर नको.