पुंता काना राहू द्या, आधी पासपोर्टवरचा स्टॅम्प बघा

अमेरिकेतून कॅरिबियनमधल्या कुठल्या बेटावर फिरायला जावं, हा तुमचा फोरमवरचा प्रश्न आणि त्याखालचे सगळे प्रतिसाद वाचले. मंडळी अरुबा भारी की जमैका यावर हिरिरीने भांडतायत, पण तुम्हीच लिहिलेली एक ओळ कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. बायकोचा एच-फोर (नोकरीच्या एच व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा दर्जा) इथल्या इथे अमेरिकेतच वाढवून झालाय, पासपोर्टवरचा स्टॅम्प, म्हणजे व्हिसा, मात्र मागच्या वर्षी संपलाय. लग्नाचा पाचवा वाढदिवस, पाच रात्री, तुम्हाला पोहता येत नाही, त्या शाकाहारी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं पुंता कानाचं ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणंपिणं सगळं धरून) पॅकेज, हे सगळं नंतर बघू. बेट त्या एका ओळीनेच ठरतं.

एक्स्टेन्शन मंजूर झालं म्हणजे अमेरिकेत राहायला परवानगी मिळाली, एवढंच. बाहेर पडून परत आत यायचं तर चालू स्टॅम्प लागतो. पुंता काना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, म्हणजे परदेशात. भारतीय पासपोर्टवर तिथे शिरायला एक तर त्यांचा व्हिसा हवा, नाहीतर अमेरिकेचा चालू व्हिसा. म्हणजे बहुधा तुमच्या न्यूअर्क विमानतळाच्या काउंटरवरच अडवतील, आणि तिकडे जाऊन अडकण्यापेक्षा ते बरं. खाली एकांनी लिहिलंय की ३० दिवसांच्या आत परत आलं तर स्टॅम्प नसला तरी चालतं. नियम खरा आहे, पण एच-वाल्यांना तो फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरता लागू आहे. आजूबाजूच्या बेटांची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना, तीही क्यूबा सोडून. बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा आपल्या पासपोर्टला व्हिसाशिवाय आत घेतात हेही बरोबर आहे. तुमची अडचण जाण्याची नाही, येण्याची आहे.

तेव्हा तुमच्यापुढे दोनच नावं उरतात, पोर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन आयलंड्स. दोन्ही अमेरिकेचेच प्रदेश. हे ऐकून हिरमुसू नका. स्टॅम्प चालू असता तरी पोहता न येणाऱ्या माणसाला आणि गर्दी नको असलेल्या जोडप्याला मी व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट जॉनच सुचवलं असतं.

आता महिना. सप्टेंबरचं पॅकेज स्वस्त का, याचं उत्तर कॅलेंडरमध्येच आहे. अटलांटिकमधला हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. २०१७ साली इर्मा वादळ सेंट जॉनवर आदळलं ते ६ सप्टेंबरला, आणि पंधरवडा व्हायच्या आत मारियाने पोर्तो रिको झोडपलं. मोसमाच्या सुरुवातीला काही होत नाही म्हणणाऱ्यांना आपली क्रिकेट टीम आठवून द्या. २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला आणि बेरिल वादळामुळे विमानतळ बंद, म्हणून कप घेऊन हॉटेलात बसून राहिली. त्यांच्यासाठी खास विमान गेलं. तुमच्या-आमच्यासाठी कोण पाठवणार? शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात सेंट जॉनवरची बरीच हॉटेलं आणि खानावळी वार्षिक सुट्टीवर असतात, त्यामुळे वादळ नाही आलं तरी जेवायची पंचाईत.

थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकेतला सण) उलटल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दोन-अडीच आठवडे धरा. वादळांचा मोसम जवळजवळ सरलेला असतो, नाताळची दरवाढ सुरू व्हायची असते. वाढदिवस दोन-तीन महिने उशिरा साजरा केला म्हणून काही बिघडत नाही. तेव्हा जमत नसेल तर पुढचा मे. एप्रिलच्या मध्यानंतर दर उतरतात. इन्शुरन्स मात्र कुठल्याही महिन्यात तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरत नाहीत.

बेटापेक्षा बेटाची बाजू महत्त्वाची, हे ब्रोशरमध्ये कधी छापत नाहीत. या भागात वारा बारा महिने पूर्वेकडून वाहतो. २०११पासून अटलांटिकमधून सरगासम नावाचं तपकिरी शेवाळ वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत लोटच्या लोट येतं आणि पूर्वेच्या, दक्षिणेच्या किनाऱ्यांना लागतं. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास. पुंता काना बरोबर पूर्वेच्या टोकाला आहे. सेंट जॉनचे नावाजलेले किनारे उत्तरेला असल्याने ते बहुतेक वेळा या त्रासातून सुटतात. उलट हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांची लाट याच उत्तर किनाऱ्यांवर पोचते आणि एरवी तळ्यासारखं शांत पाणी दोन-तीन दिवस उसळत राहतं. तेव्हा दक्षिणेच्या सॉल्ट पॉन्ड बेला जायचं. त्या दिवसांत तिथे शेवाळही फारसं नसतं. थोडक्यात, मेमध्ये गेलात तर उत्तर किनारा, आणि डिसेंबरात सकाळी लाटांचा अंदाज बघून मग बाजू ठरवायची. पोहता येत नसेल तर हे फार मनावर घ्या.

सेंट जॉनला विमानतळ नाही. न्यूअर्कहून सेंट थॉमसला थेट विमान मिळालं तर चारेक तास, नाहीतर सॅन हुआनला किंवा मायामीला बदला. तिथून टॅक्सीने बेटाच्या दुसऱ्या टोकाला रेड हुकच्या धक्क्यावर, आणि फेरीने वीसेक मिनिटांत क्रूझ बे. टॅक्सीचं भाडं गाडीमागे नाही, माणशी असतं, सामानाचे वेगळे. दुपारपर्यंत उतरणारं विमान घ्या, रात्रीच्या शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका.

बेटाचा निम्म्याहून अधिक भाग नॅशनल पार्क आहे. लॉरन्स रॉकफेलरने जमीन घेऊन सरकारला दिली आणि १९५६मध्ये पार्क झालं, म्हणून किनाऱ्यावर हॉटेलांची भिंत उभी राहिली नाही. याचा दुसरा अर्थ असा की पुंता कानासारखं मनगटाला पट्टा बांधून दिवसभर खा-प्या हा प्रकार इथे नाही. तोच हवा असेल तर स्टॅम्पिंग होईपर्यंत थांबा. पण दोघांना निवांतपणा हवा असेल तर मला विचाराल तर हेच बरं. त्या पट्ट्याच्या हॉटेलांत संध्याकाळी तलावाकाठी लाउडस्पीकरवर जो पोरखेळ चालतो, त्याला एकांत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पहिल्या सकाळी गाडीबिडी न घेता क्रूझ बेच्या पार्क ऑफिसमागून लिंड पॉइंटची पायवाट धरा. मैलभर चाललं की सॉलोमन आणि त्याला लागून हनीमून बीच. नाव पर्यटकी वाटलं तरी जागा खरंच छान आहे. ट्रंक बे फोटोत दिसतो तसाच दिसतो. पाण्याखाली माहितीच्या पाट्या रोवलेली स्नॉर्कलची (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायची) वाट आहे, प्रवेशशुल्क लागतं. नऊच्या आत पोचा. सेंट थॉमसला क्रूझची बोट लागली असेल तर अकरापासून माणसांची रीघ लागते.

तुमच्यासाठी खरी जागा माहो बे. रस्त्यावरून उतरलं की चार पावलांवर पाणी, आणि बरंच आत गेलं तरी कमरेएवढंच. तळाला समुद्री गवत असतं, त्यावर हिरवी कासवं चरायला येतात. स्नॉर्कलचं जॅकेट भाड्याने घ्या, अर्धं फुगवा, आणि उभ्या उभ्याच तोंड पाण्यात घाला. आधी नुसतं गवत दिसतं. मग त्यातलाच एक दगड मान वर करतो, सावकाश वर येऊन एक श्वास घेतो आणि परत खाली जाऊन ओरबाडून खायला लागतो. पाठलाग करायचा नाही, हात तर अजिबात लावायचा नाही. तुम्ही स्थिर राहिलात की तीच जवळ येतात. सकाळी पाणी नितळ असतं. सूर्य कलला की दिसणारही नाहीत इतकी बारीक चिलटं चावायला लागतात, तेव्हा गाशा गुंडाळा.

किनाऱ्यावर सावली शोधताना मॅन्चिनील नावाचं झाड ओळखायला शिका. लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं, चकचकीत पानं, खोडावर कधी लाल पट्टा किंवा पाटी, कधी काहीच नाही. त्याचा चीक अंगाला लागला तर आपल्याकडे बिब्बा उततो तसे फोड येतात. पावसात त्याखाली उभं राहिलं तर पानांवरून ठिबकणारं पाणीही भाजतं. फळ चाखून बघण्याचा तर विचारही नको. आणि सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं न्या. प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमना तिथे कायद्याने बंदी आहे.

आता सगळ्यात मोठा सापळा. क्रूझ बेच्या धक्क्यावर दिवसभराच्या बोटीची जाहिरात करणारे भेटतील. जॉस्ट व्हॅन डाइक, व्हर्जिन गोर्डाचे प्रचंड खडक, सगळं हाकेच्या अंतरावर. पण ती ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. तिकडे पाय ठेवला की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात, आणि संध्याकाळी परत येताना तुमच्या बायकोला तोच स्टॅम्प विचारतील. बोट ठरवताना "अमेरिकन पाण्यातच राहणार ना?" हे दोनदा विचारा. फोनचंही तसंच. माहो आणि बेटाच्या पूर्वेकडच्या कोरल बेच्या बाजूला फोन पलीकडच्या टॉवरला चिकटतो आणि तुम्ही किनाऱ्यावर लोळत असताना रोमिंगचं बिल चढत राहतं. रोमिंग बंद करूनच फिरा.

जाताना विमान देशांतर्गतच असतं, येताना मात्र सेंट थॉमसच्या विमानतळावर इमिग्रेशनचे अधिकारी कागद बघतात. दोघांचे पासपोर्ट, दोघांचे आय-७९७ (मंजुरीपत्र) आणि त्याला जोडलेला आय-९४ (राहण्याच्या मुदतीची नोंद), सगळं मूळ कागदांसह हातातल्या बॅगेत ठेवा. जायच्या आधी कंपनीच्या वकिलाला एक मेल टाकून लेखी उत्तर घ्या. या नियमांत बदल होत असतात, आणि फोरमवरचं माझं उत्तर अधिकाऱ्याला दाखवून उपयोग नाही.

जेवण. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. बेटावर सगळा किराणा बोटीतून येतो, त्यामुळे महाग; तिखट-मसाला, पोहे, थोडी डाळ घरूनच न्या. बाहेर मिळेल ते खाताना एक गोष्ट हटकून बघा. कॅलालू नावाची हिरवी दाट भाजी असते, ती कॅरिबियनमध्ये बऱ्याच ठिकाणी अळूच्याच पानांची करतात. वासाने तुमची बायको हरखून जाईल, पण त्यात बहुतेकदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं, तेव्हा विचारल्याशिवाय चमचा नको. फंजी म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला गोळा, तो सहसा बिनमांसाचा. तळलेली केळी सगळीकडे. रोटी मिळाली तर चणा-बटाट्याची मागा. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर आलेल्या भोजपुरी मुलखातल्या मजुरांनी ती इकडे आणली आणि आता ती सगळ्या कॅरिबियनची झालीय.

नुसता समुद्र बघून कंटाळलात तर अ‍ॅनाबर्गला जा. डेन्मार्कच्या काळातली साखरेची पवनचक्की आणि काहिलींची घरं तिथे पडक्या अवस्थेत आहेत. १७३३मध्ये याच बेटावर गुलामांनी बंड करून किल्ला घेतला होता आणि कित्येक महिने डॅनिशांना दाद दिली नव्हती. १९१७मध्ये डेन्मार्कने ही बेटं अडीच कोटी डॉलरला अमेरिकेला विकली. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्याची तिथली पद्धत अजून टिकून आहे, पण गाड्या अमेरिकेतल्या, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडे. आपल्याला डावी बाजू सवयीची असली तरी त्या चढांवर, अंध वळणांवर, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या गाढवांमधून पहिल्या दिवशी घाम फुटतो.

सेंट थॉमसच्या मेन स्ट्रीटवर दागिन्यांची दुकानं ओळीने आहेत, त्यातली बरीच सिंधी मंडळींची. हिंदीत बोला, घासाघीस करा, पण खरेदी परतीच्या दिवशीच उरका.

पोर्तो रिको मी दुसऱ्या नंबरवर ठेवते ते वाईट म्हणून नाही. न्यूअर्कहून सॅन हुआनला विमानं भरपूर, खर्च कमी, जुनं शहर देखणं. व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बेमध्ये रात्री वल्हं मारलं की चमकणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी निळं पेटतं. त्यासाठी अमावास्येच्या आसपासच्या तारखा धरायच्या. पण तिथल्या डाळ-भातासारख्या दिसणाऱ्या भात-राजम्यातही हॅम सापडतं, आणि शांत किनाऱ्यासाठी शेवटी फेरीने दुसऱ्या बेटावर जावंच लागतं.

राहायला क्रूझ बे की कोरल बे, हा शेवटचा प्रश्न. कोरल बेला घरं स्वस्त आणि शांत, पण जीपशिवाय हालता येत नाही. तुम्ही चढावर गाडी चालवायला बिचकत असाल तर क्रूझ बेमध्ये फेरीच्या धक्क्यापासून चालत जाता येईल असं घर बघा आणि जीप मधल्या दोन दिवसांपुरतीच घ्या. बाकीच्या दिवशी उघड्या ट्रकसारख्या सफारी टॅक्स्या उत्तर किनाऱ्यावर सोडतात. घर कुठलंही असो, नळाचं पाणी बहुधा छपरावरच्या पागोळ्यांचंच, तळघरातल्या टाकीत साठवलेलं असतं. अंघोळ बेताची करा, आणि प्यायला बाटलीचं घ्या.