कोथरूडचा फ्लॅट विकून ग्रीसमध्ये घर घ्यावं का?

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६१, पत्नी ५८, पेन्शन नाही. राहतं घर स्वतःचं. शिवाय कोथरूडला दुसरा फ्लॅट. २००४ साली १४ लाखांना घेतलेला, आज पावणेदोन कोटींना गिऱ्हाईक आहे, भाडं महिना ३२ हजार. फंड आणि ठेवी मिळून १ कोटी ४० लाख, घरखर्च महिना ८० हजार. मुलगी नेदरलँड्समध्ये असते. तिच्याबरोबर ते ग्रीसच्या मानी भागात, आयिओस निकोलाओस या मच्छीमार गावात आठवडाभर राहिले. तिथे समुद्राकाठचं ९० चौरस मीटरचं दगडी घर १ लाख ९५ हजार युरोंना विकायला आहे. एजंट १० टक्के आगाऊ मागतोय. 'फ्लॅट विकून घेऊन टाकू का? तिथे राहण्याचा परवानाही मिळतो म्हणे.'

परवान्याचं आधी सांगतो. या घरावर तो मिळणार नाही. गोल्डन व्हिसासाठी, म्हणजे मालमत्ता घेतल्यावर मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यासाठी, त्या भागात आता किमान ४ लाख युरोंची आणि १२० चौरस मीटरची एकच मालमत्ता लागते. तेव्हा स्वतःच्या घरी जायलाही तुम्हाला शेंगेन व्हिसा काढावा लागेल, आणि १८० दिवसांत ९० दिवसांवर राहता येणार नाही.

आता पैसे. हिशेबापुरता युरो शंभर रुपये धरू. घर १ कोटी ९५ लाख. त्यावर ३.०९ टक्के हस्तांतरण कर, नोटरी, वकील, एजंट, नोंदणी. २ कोटी १० लाख धरून चाला. रक्कम एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, पाठवता येते, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापते, म्हणजे सुमारे ४० लाख. त्या दिवशी हाताशी अडीच कोटी हवेत! हा टीसीएस बुडत नाही, तुमच्या आयकरात वळता होतो. पण रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकतो.

फ्लॅटच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी, अधिभार-सेस धरून, २३-२४ लाख कर बसेल. 'घर विकून घर घेतलं तर कर वाचतो' हे खरं, पण नवं घर भारतात असेल तरच. सगळं आटोपल्यावर, परतावाही आल्यावर, तुमच्याकडे ८१ लाख उरतात. फंड मोडल्यावरचा कर वेगळा. भाडं बंद, पेन्शन नाही, वर्षाचा खर्च साडेनऊ लाखांच्या पुढे. वहिनींचं वय ५८ आहे, हे विसरू नका.

'उन्हाळ्यात भाड्याने देऊ' असं तुम्ही लिहिलंय. हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर, आणि नेमकं तेव्हाच तुम्हालाही जायचंय. चाव्या देणारा, चादरी बदलणारा माणूस पगारी ठेवावा लागेल. भाड्यावर तिथे पहिल्या १२ हजार युरोंपर्यंत १५ टक्के कर, वर दरवर्षीचा मालमत्ता कर, आणि ते उत्पन्न इथेही दाखवायचं. रिटर्नमध्ये शेड्यूल एफएत, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, या घराची नोंद राहिली तर दंड १० लाखांपर्यंत. आणि बंद घराचं खाऱ्या वाऱ्यात काय होतं, ते गुहागर-दापोलीला घर असलेल्या कुणालाही विचारा.

कागदपत्रांचंही कोकणासारखंच आहे. मानीत जुनी घरं पिढ्यान्‌पिढ्या वारसांत वाटली गेलेली असतात. सामायिक सातबारा पाहिलेल्या माणसाला हे समजावायला नको. समुद्राकाठची पट्टी सार्वजनिक असते, ती रेषा नेमकी कुठून जाते ते बघावं लागतं. अंगणातली शेड किंवा वरची खोली विनापरवाना नाही, किंवा नियमित करून घेतली आहे, अशा इंजिनिअरच्या दाखल्याशिवाय व्यवहारच होत नाही. १९८६ला शेजारच्या कलामाता शहरात मोठा भूकंप झाला होता, म्हणून दगडी भिंतींची तपासणीही हवी.

माझं उत्तर नाही असं आहे. पण हा नकार ग्रीसच्या घराला नाही, फ्लॅट विकायला आहे. त्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं ३ लाख ८४ हजार येतं. सोसायटी आणि कर वजा जाता उरेल त्यातून दोघांची तिकिटं आणि त्याच गावात महिनाभर साधंसं भाड्याचं घर बसवता येईल. ऑगस्टची गर्दी टाळून मे किंवा ऑक्टोबरात जा. एकदा नोव्हेंबरातही राहून बघा, खानावळी बंद असताना आणि पाऊस लागलेला असताना. तीन वर्षं असं करूनही ओढ तेवढीच राहिली, तर मुलीशी बोला. ती नेदरलँड्सची रहिवासी, तिथेच कमावते. तिने स्वतःच्या पैशांतून घेतलं तर एलआरएस नाही, टीसीएस नाही, आणि तुमच्या म्हातारपणाच्या पुंजीला हात लागत नाही. तिला ते घर नकोच असेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण तुमच्यानंतर ते तिच्याच गळ्यात पडणार आहे.

एजंटला १० टक्के तूर्त पाठवू नका. 'दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे' असं तो म्हणेल. असू दे.