गोळी जिभेवर ठेवली की घसाच आवळतो

‘गोळी अडकली तर श्वास कोंडेल ना?’ मोठी माणसं हा प्रश्न फार संकोचाने विचारतात. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही.

नेरुळच्या एका काकूंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). एकदा गोळी घशाला चिकटून ठसका लागला, तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला. सून बिचारी मधुमेहाची गोळी खलबत्त्यात कुटून दह्यातून द्यायची. गोळी होती मेटफॉर्मिन एसआर. अशी गोळी औषध पोटात हळूहळू सोडते. कुटली की सगळा डोस एकदम सुटतो. पाकिटावर एसआर, ईआर, एक्सआर असं काही दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कुटू नका.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. जेवताना घास अडकत असेल, पाण्यानेही ठसका लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर तपासणीच हवी. काकूंचा घसा ठणठणीत निघाला. साबुदाण्याची खिचडी तर त्या मजेत खायच्या! मग सराव तिथूनच सुरू केला: शिजलेला एकच दाणा जिभेवर, न चावता, पाण्याच्या घोटाबरोबर. मग दोन दाणे एकत्र. मोठा घास सहज गिळणारा घसा गोळीलाच का अडतो, हे त्यांचं त्यांना उमगत गेलं. गिळताना श्वासनलिकेवर झाकण येतं, हेही चित्र काढून दाखवलं.

काकू मान मागे टाकून गोळी आत फेकायच्या. त्याने गिळणं उलट अवघड होतं. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दोन पद्धती मांडल्या. गोळी असेल तर ती जिभेवर ठेवायची, पाण्याने भरलेल्या मऊ प्लास्टिकच्या बाटलीला ओठ घट्ट लावायचे आणि हवा आत न जाऊ देता पाणी ओढून घ्यायचं. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून घोट तोंडात घेऊन हनुवटी छातीकडे झुकवायची आणि गिळायचं. काकूंना बाटली मानवली.

सुनेला एकच विनंती केली: समोर उभं राहून ‘गिळा, गिळा’ म्हणू नका. त्या घाईनेच घसा जास्त आवळतो.

इतकं करूनही जमत नसेल, तर गोळ्या गुपचूप बंद करू नका. बऱ्याच औषधांची सिरप किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘मला गोळी गिळता येत नाही.’ ते बदलून देऊ शकतात.