नामावळी उतरवायला बसताना

नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, वह्यांतली यात्रेकरूंची नावं कुणालाही फुकट शोधता यावीत म्हणून तुम्ही मदतीला आलात, फार बरं वाटलं. आधी मोडी, म्हणजे वह्यांतली जुनी मराठी लिपी, पक्की करा. मोडीत शब्द सलग लिहितात. नाव कुठं संपलं नि गाव कुठं सुरू झालं, इथंच नवखा अडतो. आडनाव नसेल तर मनानं जोडू नका. अक्षर लागत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, कारण अंदाजानं भरलेल्या नावामुळे एखाद्याचा पणजोबा कायमचा हरवतो. शके १८२० असेल तर तसंच लिहा. इसवी सन १८९८-९९ शेजारच्या रकान्यात. आणि फोटोआधी गुरुजींना विचारा, वह्या त्यांच्या घराण्याच्या आहेत. हयात माणसांची नावं मात्र ऑनलाइन टाकू नका.