इलेक्ट्राच्या हातातला कलश

प्रश्न : ताई, जुलैअखेर आम्ही दोघं ग्रीसला जातोय. एपिडॉरसच्या प्राचीन खुल्या नाट्यगृहात तेव्हा प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘इलेक्ट्रा’ नाटक आहे. मला ग्रीक येत नाही आणि यांचे गुडघे दुखतात. तिकीट काढावं का? वरच्या रांगेत ऐकू येईल?
— एक वाचक

उत्तर : तिकीट काढाच. भाषेची धास्ती नको. तिथे ही नाटकं बहुधा आजच्या ग्रीकमध्ये होतात, सोफोक्लीसचे मूळ शब्द तिथल्या प्रेक्षकांच्याही कानावर पडत नाहीत. शिवाय पडद्यावर इंग्रजी भाषांतर येत असतं. तरी माझं ऐका, निघण्याआधी नाटक दोनदा वाचा.

मी पहिल्यांदा गेले ती न वाचता. भाऊ गेला असं समजून इलेक्ट्रा त्याच्या अस्थींचा कलश हातात घेते, आणि तो भाऊ, ओरेस्टीस, समोरच उभा असतो. मी तेव्हा पडद्यावरच्या ओळी वाचत होते. मान खाली केली तोवर नटी जमिनीवर बसली होती, कलश तिच्या मांडीत होता. तो तिने हातात कसा घेतला, ते माझं हुकलं. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या संचात तेच नाटक पाहिलं, पडद्याकडे न बघता. त्या नटीने कलश पोटाशी धरला आणि तळव्याने त्याचं झाकण चोळत राहिली, तान्ह्या बाळाची टाळू चोळावी तसं. मला रडू आवरलं नाही. पोलस नावाच्या प्राचीन नटाने याच प्रसंगात स्वतःच्या मुलाच्या अस्थींचा कलश हातात घेतला होता, असं ऑलस गेलियस या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. त्या रात्री मला ते पटलं.

ऐकू येण्याचं म्हणाल, तर दिवसा तिथे मधोमध नाणं टाकून आवाजाची करामत दाखवतात, त्यावर जाऊ नका. कुजबूज अगदी शेवटपर्यंत पोचते असं नाही. नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोजून पाहिलं, २०१७ साली. पण कसलेल्या नटाचा खणखणीत आवाज सगळीकडे जातो.

रांगा ५५ आहेत : खाली ३४, मग आडवी वाट, वर २१. वरून कोरसची, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाची, वर्तुळाकार हालचाल फार सुंदर दिसते, पण यांना तो चढ नको. पायऱ्या उभ्या आहेत आणि उतरायचं अंधारात. खालच्या भागातली, कडेची जागा घ्या. दगडाला पाठ टेकता येत नाही, उशी हवीच. टाचांचे बूट चालत नाहीत.

प्रयोग रात्री नऊच्या सुमारास सुरू होतो. संपल्यावर अथेन्स गाठायचं म्हणजे दोन तासांचा रस्ता. त्यापेक्षा जवळच्या लिगुरिओ गावात खोली घ्या. दुपारीच पोचलात तर शेजारचं अस्क्लेपिअस या आरोग्यदेवाचं स्थान बघा. आजारी माणसं बरं होण्यासाठी तिथे येऊन झोपत, आणि त्याच देवस्थानासाठी इ.स.पू. चौथ्या शतकात हे नाट्यगृह उभं राहिलं.