आईच्या नाकाची शस्त्रक्रिया आणि न येणारे दहा लाख

प्रश्न : आईचं वय ६६. नाकाच्या शेंड्यावरची जखम वर्षभर बरी होत नव्हती. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघाला. गाठ काढून कपाळाच्या कातडीने नाक दोन टप्प्यांत दुरुस्त करायचं आहे; पहिला खर्च २ लाख १० हजार, तीन आठवड्यांनी दुसरा ७० हजार. आईची १० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी (गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारी) आहे. तिचे पैसे येईपर्यंत ६ लाखांची एफडी मोडू की १४ टक्क्यांनी ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढू? सहा वर्षं जुना ५ लाखांचा फॅमिली फ्लोटरही (चौघांचा मिळून एक आरोग्य विमा) आहे, पण एजंट म्हणतो प्लास्टिक सर्जरी त्यात बसत नाही. नाकाचं काम बोनस आल्यावर केलं तर?

उत्तर : ते दहा लाख येणार नाहीत. त्यामुळे एफडी की कर्ज हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

क्रिटिकल इलनेस पॉलिसीत कॅन्सरची व्याख्या ठरलेली असते आणि तिच्या अपवादांत लिहिलेलं असतं : मेलॅनोमा सोडून त्वचेचे बाकी कॅन्सर यात धरले जाणार नाहीत; लसिकाग्रंथींत किंवा त्यापुढे पसरल्याचा पुरावा असेल तरच धरले जातील. बेसल सेल जवळपास कधीच तिथवर जात नाही. जागच्या जागी कातडी, कूर्चा खात राहतो. आईच्या दृष्टीने ही चांगली बातमी. ‘कॅन्सर झाला की दहा लाख’ असं सांगून वर्षाला ३१ हजारांचा हप्ता घेणाऱ्याने हे पान तुम्हाला दाखवलं नाही. काढलेल्या गाठीचा अंतिम रिपोर्ट वेगळा निघालाच तर अर्ज जरूर करा. त्या आशेवर कर्ज मात्र नको : ३ लाख, तीन वर्षं, म्हणजे सुमारे ६९ हजार नुसतं व्याज.

आता ज्या पॉलिसीला तुम्ही हातच लावला नाही, ती. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, हे खरं. पण त्याच कलमात अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना या वगळणुकीतून बाहेर ठेवली आहे. एजंटने अर्धंच वाक्य वाचलं. कपाळाचा फ्लॅप हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे. कातडी भुवईजवळच्या रक्तवाहिनीसकट वळवून नाकावर बसवतात आणि तिथे नवा रक्तपुरवठा धरला की साधारण तीन आठवड्यांनी देठ कापतात. पहिला टप्पा करून दुसरा बोनससाठी टांगता ठेवायचा नसतो. गाठ पूर्ण निघाल्याचा रिपोर्ट येईपर्यंत सर्जनच पुनर्रचना थांबवू शकतात. तो वैद्यकीय निर्णय, पैशाचा नव्हे. आणि गाठच लांबवली तर खड्डा मोठा, फ्लॅप मोठा, बिलही मोठं.

क्लेम अडतो तो शब्दांवर. सर्जनच्या पत्रात ‘बेसल सेल कार्सिनोमा काढल्यानंतर नाकाची पुनर्रचना, दोन टप्प्यांत’ असं स्वच्छ हवं. रुग्णालयाच्या विमा डेस्कने फॉर्मवर नुसतं ‘राइनोप्लास्टी’ (नाकाची प्लास्टिक सर्जरी) लिहिलं, की विमा कंपनीचे प्रश्न सुरू. बायोप्सी रिपोर्ट आणि जखमेचे फोटो जोडा, दोन्ही टप्पे पहिल्याच अर्जात लिहा, भरतीच्या दोन-तीन दिवस आधी तो पाठवा. पुढे व्रण फिका करायचं लेझर वगैरे मात्र स्वतःच्या खर्चात धरा.

तुमच्या अंदाजपत्रकात ८ हजारांची खोली आहे, पॉलिसीची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५ हजार. तीन दिवसांचे जादा ९ हजार भरू, असं तुम्ही धरलं असेल. तसं होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १ लाख ४० हजार आहेत. त्यातलेही खोलीच्याच प्रमाणात (८ हजारांतले ५), म्हणजे पाच-अष्टमांशच मिळतील. साडेबावन्न हजार तिथे गेले, वर खोलीचे ९. एका स्वतंत्र खोलीपायी साडेएकसष्ट हजार! औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. ५ हजारांची खोली घ्या. मग हातमोज्यांसारख्या न मिळणाऱ्या वस्तूंचे दहा-एक हजार खिशातून जातील. ज्येष्ठांसाठी को-पेची (बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरायची) अट आहे का, तेवढं पाहा. बायोप्सीची आणि नंतरच्या ड्रेसिंगची बिलं जपा, भरतीच्या आधीचा-नंतरचा खर्च बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवसांपर्यंत मिळतो.

एवढं झाल्यावर तुम्हाला अडीनडीला हाताशी लाखभर हवेत, ३ लाख नव्हे. एफडी मोडू नका, तिच्यावर लाखाची उचल घ्या. एफडीपेक्षा एक टक्का जास्त, म्हणजे ८ टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज साधारण १३५० रुपये.

क्रिटिकल इलनेस पुढच्या हप्त्याला सोडून द्या. आईच्या कमाईवर घर चालत नाही, तिला एकरकमी पैशाची नव्हे, बिल भरणाऱ्या विम्याची गरज आहे. तिला फ्लोटरमध्येच ठेवा. आता पॉलिसी पोर्ट करायला, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायला गेलात तर नवी कंपनी नकार देऊ शकते, आणि रक्कम वाढवली तर वाढीव भागाला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते. ते ३१ हजार तुमच्या नि पत्नीच्या सुपर टॉपअपकडे (ठरावीक रकमेच्या पुढचं बिल भरणारा जोडविमा) वळवा. चौघांच्या ५ लाखांतले निम्मे यंदा आईच्याच बिलात जाणार आहेत.

पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख दोन टप्प्यांच्या मधे येत असेल तर हप्ता पहिल्या भरतीआधीच भरा. तारीख उलटल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या दिवसांत पैसे भरले तर जुने लाभ टिकतात, पण मधल्या खंडातला खर्च अडकू शकतो.